नवीन शिक्षण सेवकांना पहिल्या वर्षी कशी साथ द्यावी? केंद्रस्तरावर योजना करायची आहे

सातपुडा_केंद्र:
नमस्कार. धडगाव भागातल्या एका केंद्राचा (शाळांच्या गटाचा) केंद्रप्रमुख म्हणून विचारतो आहे. केंद्रात १२ जिल्हा परिषद शाळा आहेत, बहुतेक द्विशिक्षकी. शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलमधून ९ शिक्षण सेवक (पहिली तीन वर्षं मानधनावर असलेले नवीन शिक्षक) सहा शाळांत रुजू होत आहेत. त्यांतल्या दोन शाळांत दोन्ही शिक्षक नवेच. बहुतेक जण बाहेरच्या जिल्ह्यांतले. मुलं घरी पावरी ही आदिवासी बोली बोलतात, मराठी त्यांना शाळेतच भेटते. शाळांमधलं अंतर घाटरस्त्याने ६ ते १४ किलोमीटर, काही ठिकाणी नेटवर्क नाही.

उन्हाळ्यात पाच दिवसांचं प्रशिक्षण घेऊन विषय संपवायचा नाही. वर्षभर चालेल असं काहीतरी हवं आहे. मार्गदर्शक शिक्षक कोणाला करावं, त्याने जाऊन नेमकं काय करावं, आणि तो गेल्यावर त्याचा वर्ग कोणी सांभाळावा? शेवटच्या प्रश्नाशी मी अडलो आहे.

टाचणवही:
सर, सगळ्यात आधी एक गोष्ट ठरवून टाका: मार्गदर्शक शिक्षक तपासणी करणार नाही. शिक्षण सेवकाची तीन वर्षं पूर्ण झाल्यावर कायम होण्याचा प्रस्ताव जातो, हे त्याच्या डोक्यात पहिल्या दिवसापासून असतं. मार्गदर्शकाच्या नोंदी तपासणीच्या शेरेबुकात किंवा सेवेच्या कागदांत जाणार असतील, तर तो अडचण सांगणारच नाही. वर्गात कोणी आलं की सराव झालेला पाठच पुन्हा घेऊन दाखवेल. म्हणून नोंदवही साधी दोनशे पानी ठेवा आणि ती नवीन शिक्षकाकडेच राहू द्या. तुम्ही केंद्रप्रमुख म्हणून शाळाभेट द्याल ते वेगळं काम, ती वही मागू नका.

मार्गदर्शक निवडताना सेवाज्येष्ठता बघू नका. पहिली-दुसरी सलग दोन-तीन वर्षं शिकवलेला आणि मुलांचं वाचन प्रत्यक्ष पुढे नेलेला शिक्षक बघा. एकाकडे दोघांपेक्षा जास्त नवीन शिक्षक देऊ नका. नऊ जणांसाठी पाच मार्गदर्शक पुरतात.

एका भेटीचं काम साधारण ६५ मिनिटांचं. आधी १० मिनिटं: आज कोणता पाठ आहे आणि मी काय बघू, हे नवीन शिक्षकालाच सांगू द्या. मग ३५ मिनिटांची एक तासिका मागे बसून बघायची. मध्ये बोलायचं नाही, मुलांना प्रश्न विचारायचे नाहीत. नंतर २० मिनिटं बोलणं.

बघताना हातात बसण्याच्या जागांचा नकाशा ठेवा. कागदावर मुलं बसली आहेत तशा चौकटी काढायच्या. शिक्षकाने ज्या मुलाला नाव घेऊन विचारलं त्याच्या चौकटीत रेघ, मुलाने स्वतःहून काही विचारलं तर टिंब. एवढंच. तासिका संपली की तो कागद समोर ठेवायचा आणि गप्प बसायचं. पुढच्या दोन रांगांत वीस रेघा आणि खिडकीकडच्या पाच मुली कोऱ्या, हे शिक्षकाला स्वतःलाच दिसतं. ‘तुम्ही मागच्या मुलांकडे लक्ष देत नाही’ असं तोंडाने सांगितलं की तो सफाई देत बसतो. कागद पाहिला की उपाय शोधायला लागतो.

आणि एका भेटीत एकच बदल ठरवा. फळ्याची मांडणी, वाचनाचा सराव, शिस्त, पाठाचं टाचण असं सगळं एकदम सांगितलं तर त्यातलं काहीच होत नाही. ठरलेली एक गोष्ट वहीत एका ओळीत लिहायची आणि पुढच्या भेटीची सुरुवात तिथूनच करायची.

चौथीचा_वर्ग:
वरचं पटलं. पण ‘३५ मिनिटं मागे बसा’ हे द्विशिक्षकी शाळेत जसंच्या तसं जमणार नाही, कारण त्या खोलीत एकाहून जास्त इयत्ता असतात. तिथे नवीन शिक्षकाचं घोडं अडतं ते बहुवर्ग अध्यापनावर. डी.एड.च्या सराव पाठात एक इयत्ता, एक घटक आणि तयार वर्ग मिळतो. इथे पहिली-दुसरी एका भिंतीला, तिसरी-चौथी दुसऱ्या भिंतीला.

नेहमीची चूक अशी: एका गटाला ‘उतारा लिहा’ सांगून शिक्षक दुसऱ्या गटाकडे वळतो. ते काम सात-आठ मिनिटांत संपतं, मग गोंधळ, मग ओरडणं, आणि दुसऱ्या गटाचा पाठही मोडतो. उपाय म्हणून २०-२० मिनिटांचे तुकडे पाडा. ज्या गटाकडे तुम्ही नसाल त्याच्यासाठी तीन कामं शाळा भरण्यापूर्वीच फळ्यावर लिहून ठेवा: सगळ्यांनी करायचं काम, लवकर झालं तर पुढचं काम, आणि तेही झालं तर जोडीदाराची वही तपासणं किंवा वाचन कोपऱ्यातलं पुस्तक. सूचना स्वयंअध्ययनाच्या गटाला आधी द्यायच्या, मगच दुसऱ्या गटाकडे जायचं. मार्गदर्शकाने पहिल्या दोन भेटींत एवढंच बघितलं तरी खूप झालं.

आता भाषा. तुमच्या केंद्रात हाच मुख्य विषय आहे. ‘मुलं बोलतच नाहीत’ ही तक्रार जुलैमध्ये हमखास येईल. मूल घरी भरपूर बोलत असतं, त्याला मराठी शब्द माहीत नसतो. त्यात शिक्षक लगेच अक्षरांकडे वळतो. अक्षरकार्डावरचं चित्र मूल ओळखतं, पण मनात नाव येतं पावरीतलं, आणि ते बऱ्याचदा वेगळ्याच आवाजाने सुरू होतं. मग अक्षराची त्या आवाजाशी गाठ बसतच नाही. सप्टेंबरपर्यंत मूल अक्षरं गिरवतं, पण वाचू शकत नाही. पहिलीचे पहिले सहा आठवडे बोलण्यावर द्या: वर्गातल्या वस्तू, शरीराचे अवयव, घर, शेत, जनावरं. आधी पावरी, मग मराठी. कार्डं नंतर.

त्यासाठी नवीन शिक्षकाने पहिल्या महिन्यात स्वतः १५० ते २०० पावरी शब्द जमवावेत. अंगणवाडी सेविका आणि चौथीची मुलं यांच्यासारखे गुरू नाहीत. पहिले तीस शब्द सोयीचे नव्हे, गरजेचे घ्या: पोट दुखतंय, लघवीला जायचंय, तहान लागली, भीती वाटते, मारलं, हरवलं.

आणखी एक, नियोजन दिवाळीच्या अलीकडे ओढा. दिवाळीनंतर बरीच कुटुंबं ऊसतोडीला गुजरातकडे जातात, भोंगऱ्या बाजार आणि होळीच्या सुमारास परततात. बाहेरून आलेल्या शिक्षकाला हे ठाऊक नसतं. तो वार्षिक नियोजन पुस्तकाच्या क्रमाने बारा महिन्यांत सारखं वाटतो आणि नोव्हेंबरात अर्धा वर्ग रिकामा होतो. कोणती मुलं जाणार याची यादी सप्टेंबरातच करा. मुलांना मागे गावातच ठेवता यावं म्हणून हंगामी वसतिगृहासाठी पालकांशी बोलणंही तेव्हाच सुरू झालं पाहिजे.

मुख्याध्यापक_झेडपी:
शिकवण्याबद्दल वर आलंच आहे, मी कामाच्या वाटपाबद्दल लिहितो. नवीन शिक्षक तरुण, त्याला मोबाईल येतो, म्हणून यू-डायस आणि सरल या पोर्टलांवर शाळेची-मुलांची माहिती भरणं, पोषण आहाराची रोजची ऑनलाइन माहिती असं सगळं पहिल्या आठवड्यातच त्याच्या गळ्यात पडतं. वर पहिलीचा वर्गही त्यालाच. चांगला शिक्षक खचतो तो इथेच. रुजू होण्यापूर्वी मुख्याध्यापकांशी बसून लेखी ठरवा: दिवाळीपर्यंत नवीन शिक्षकाकडे एकच ऑनलाइन काम, बाकीची जुन्यांकडे.

कागदपत्रं मात्र पहिल्या महिन्यातच नीट शिकवा, कारण तिथली चूक वर्षानुवर्षं राहते. जनरल रजिस्टरमध्ये (मुलांच्या प्रवेशाच्या नोंदवहीत) जन्मतारीख अंकी आणि अक्षरी दोन्ही, खाडाखोड किंवा पांढरी शाई अजिबात नाही. नाव किंवा तारीख चुकली तर आपल्या मनाने दुरुस्त करायची नाही, वरिष्ठांची मंजुरी लागते. पोषण आहारात पटावरून नव्हे, त्या दिवशीच्या उपस्थितीवरून हिशेब. पहिली ते पाचवीला प्रत्येकी १०० ग्रॅम धान्य, म्हणजे ४२ मुलं हजर तर ४ किलो २०० ग्रॅम. नवीन माणूस पट धरून खर्च लिहितो आणि महिनाअखेर साठा नोंदवही आणि गोणीतला तांदूळ जुळत नाही. आकारिक (शिकवता शिकवता होणाऱ्या) मूल्यमापनाच्या वर्णनात्मक नोंदी सत्राच्या शेवटी एका रात्रीत लिहायच्या नाहीत. रोज तीन मुलांची एकेक ओळ, तीसच्या वर्गात दहा दिवसांत फेरी पूर्ण होते.

सातपुडा_केंद्र:
तिघांचेही आभार. पण हिशेब अजून बसत नाही. पाच मार्गदर्शक, पंधरवड्याला एक दिवस म्हटलं तर महिन्याला दहा दिवस त्यांचे वर्ग उघडे पडतील. आणि दोन्ही नवीन शिक्षक असलेल्या शाळांचं काय?

टाचणवही:
पंधरवड्याचा आग्रह सोडा. महिन्यातून एक प्रत्यक्ष भेट आणि एकदा २० मिनिटं फोन. म्हणजे महिन्याला पाच दिवस. त्या दिवशी मार्गदर्शकाचा वर्ग तुम्ही स्वतः घ्या. यामुळे तुमच्या भेटी कमी होतील, तरी हेच करा. केंद्रप्रमुख खडू हातात घेतो हे केंद्राला दिसणं फार मोलाचं आहे. एकाच शाळेतले दोन नवीन शिक्षक एकाच मार्गदर्शकाला जोडा, म्हणजे एका फेरीत दोघांचं काम होतं.

नेटवर्क नाही तिथे नवीन शिक्षकाने स्वतःच्या पाठाची दहा मिनिटांची चित्रफीत करावी. मोबाईल मागच्या भिंतीला टेकवून, रोख फळ्याकडे, मुलांचे चेहरे न घेता. ती पाठवायची नाही. केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीला, म्हणजे शिक्षण परिषदेला, आला की मार्गदर्शकासोबत बसून बघायची. परिषदेतले दोन तास याच नऊ जणांसाठी राखून ठेवा.

रुजू होताना दोन दिवसांचं उद्बोधन (१२ तास), वर्षात नऊ परिषदा दोन-दोन तास (१८ तास), आठ प्रत्यक्ष भेटी आणि आठ फोन (साधारण ११ तास), असे ४१ तास होतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये प्रत्येक शिक्षकाच्या व्यावसायिक विकासासाठी वर्षाला किमान ५० तास म्हटलं आहे, त्यातला मोठा वाटा इथेच भरतो.

चौथीचा_वर्ग:
दोन्ही नवीन असलेल्या शाळांबद्दल: रुजू झाल्यावर पहिले तीन दिवस सलग मार्गदर्शक तिथेच हवा. पहिल्या दिवशी तो शिकवेल आणि ते दोघे बघतील, दुसऱ्या दिवशी तिघे मिळून, तिसऱ्या दिवशी ते दोघे शिकवतील. गावात फिरून पालकांची, सरपंचांची आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांची ओळख त्यानेच करून द्यावी. समितीची पहिली बैठक दोघा नवख्यांवर सोपवू नका. आणि मार्गदर्शकाची मध्येच बदली झाली तर नवीन मार्गदर्शकाने पहिल्या भेटीत वर्ग बघायचा नाही. ती दोनशे पानी वही शिक्षकाच्या परवानगीने वाचायची आणि त्याच्याशी बोलायचं.