पेटी कंत्राटाचे (पोटठेक्याचे) १७ लाख अडकलेत, मुख्य ठेकेदार म्हणतो "वरून बिल आलं नाही". सल्ला हवा आहे

नमस्कार मंडळी,

धाकट्या भावासाठी लिहिते आहे. तो पाइपलाइन टाकण्याची कामं करतो, बिलं आणि हिशेब मी बघते. नोव्हेंबर २०२२ मध्ये त्याने जलजीवन मिशनच्या एका गावातलं वितरण नलिकेचं काम पेटीवर घेतलं. टेंडर मुख्य ठेकेदाराच्या नावावर. पाइप त्यांचे, चर खोदणं, पाइप टाकणं, टेस्टिंग, नळजोडण्या हे सगळं आमचं. मार्च २०२४ मध्ये काम संपलं, गावात पाणी सुरू आहे. जीएसटी सोडून बिल ३८ लाखांचं, मिळाले २१. जेसीबीवाला रोज दारात येतो आणि वहिनीचे दागिने पतसंस्थेत आहेत.

करार १०० रुपयांच्या स्टॅम्पवर, दोन पानांचा. लवादाचं कलम नाही. त्यातलं एकच वाक्य आम्हाला नडतंय: "शासनाकडून बिल प्राप्त झाल्यावर १५ दिवसांत पेमेंट केले जाईल." तेव्हापासून "वरून बिल निघालं नाही" एवढंच ऐकतोय. सरकारी कार्यालयात गेलो तर "तुमचं नाव आमच्याकडे कुठेच नाही, तुमचं तुम्ही बघा." तेही खरंच, करार त्यांच्याशी नाही.

म्हणून माहिती अधिकारात एमबीची (कामाच्या मोजमाप वहीची) नक्कल आणि दिलेल्या बिलांचा तपशील मागवला. एमबीचं पान उघडलं आणि भाऊ गप्पच झाला. "मारुती मंदिर ते जि. प. शाळा, ११० मिमी, ३४० मीटर." ज्युनिअर इंजिनिअरसोबत टेपचं दुसरं टोक त्यानेच धरलं होतं. हे माप ज्या तिसऱ्या रनिंग बिलात (काम चालू असताना टप्प्याने निघणाऱ्या बिलात) आहे, ते सप्टेंबर २०२४ मध्येच मुख्य ठेकेदाराला मिळालेलं आहे!

दुसरी गोष्ट २६ एएस (आपल्या पॅनवर कापलेल्या कराचा आयकर खात्याचा तक्ता) बघताना सापडली. आमच्या पॅनवर १९४सी (आयकर कायद्याचं ठेकेदारांच्या पेमेंटचं कलम) खाली २९ लाखांवर १ टक्क्याने २९,००० टीडीएस (आधीच कापलेला कर) भरलेला दिसतो. म्हणजे हाती आलेल्या २१ लाखांपेक्षा ८ लाख जास्त मुख्य ठेकेदाराने स्वतःच आमच्या नावे जमा धरलेत. टीडीएस पैसे देताना किंवा खात्यात जमा धरताना, जे आधी होईल तेव्हा कापतात, म्हणून मला हा पुरावा भक्कम वाटतो. कोर्टात याला किती वजन मिळतं?

खरी धास्ती वेगळीच आहे. टेंडरमध्ये लेखी परवानगीशिवाय काम सबलेट करायला (दुसऱ्याला पोटठेक्याने द्यायला) मनाई आहे आणि तशी परवानगी घेतलेली नव्हती. मुख्य ठेकेदार आता म्हणतात, "कोर्टात गेलात तर तुमचा करारच बेकायदा ठरेल." करार कायद्याच्या कलम ७० प्रमाणे, फुकट करण्याचा हेतू नसताना केलेल्या कामाचा लाभ समोरच्याने घेतला तर मोबदला द्यावा लागतो, असं वाचलं. अशा सबलेट प्रकरणात ते कुणी वापरलंय का?

एमएसएमई कौन्सिलचाही (लघुउद्योगांची थकलेली बिलं वसूल करून देणारी सरकारी यंत्रणा) विचार केला. पेमेंटला ४५ दिवसांची मर्यादा, रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज, सगळं आमच्या बाजूचं. पण वर्क्स कॉन्ट्रॅक्टला (बांधकामासारख्या कामाच्या ठेक्याला) तो कायदा लागू नाही असे मुंबई उच्च न्यायालयाचे निकाल आहेत, शिवाय आमची उद्यम नोंदणी (लघुउद्योग म्हणून सरकारी नोंद) करारानंतरची, फेब्रुवारी २०२३ ची. तिथे वेळ घालवू नये असं मला वाटतं.

उरतो कमर्शियल दावा, म्हणजे व्यापारी न्यायालयातला. तातडीचा आदेश मागायचा नसेल तर दाव्याआधी कमर्शियल कोर्ट्स कायद्याच्या कलम १२ए प्रमाणे मध्यस्थीला जावं लागतं. दावा लावण्याची मुदत तीन वर्षांची, म्हणजे काम संपल्यापासून मोजली तर मार्च २०२७. व्हॉट्सॲपवर "दिवाळीनंतर बघू, तुमचे आहेत ते देतो" असा त्यांचा मेसेज आहे. मुदत वाढायला ही लेखी कबुली चालेल का? आणि मेसेज पुरावा म्हणून द्यायला लागणारं, भारतीय साक्ष अधिनियम २०२३ च्या कलम ६३ चं प्रमाणपत्र कोण देतं, फोनचा मालक म्हणून भाऊच ना?

घाई अशासाठी की काल त्यांचा निरोप आला: ६ लाख रोख घ्या आणि "काही येणे बाकी नाही" या कागदावर सही करा. भाऊ थकलाय, तो हो म्हणायच्या बेतात आहे. माझं मत सही करू नये असं आहे, निदान वकिलाची नोटीस जाईपर्यंत तरी. सोमवारी अकरा वाजता त्याला बोलावलंय. त्याच्या आधी कुणी अनुभवी माणसाने सांगितलं तर फार उपकार होतील: ६ लाख "हिशेबापोटी" म्हणून पावती देऊन घेता येतात का, की सही केली की सगळंच संपतं?