रील काढणारा दुकानदार धंदा विसरतो म्हणे! साफ असहमत

कसब्यातली (धागा)

परवा व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर एक पोस्ट फिरत आली. ती इथल्याच 'पेठेतला' यांची आहे हे नंतर कळलं. म्हणणं असं, की पुण्यातले छोटे दुकानदार हल्ली माल सोडून मोबाइलच्या मागे लागलेत, ज्याचा माल खणखणीत त्याला फोटोंची गरज नाही. शेवटी नेहमीचं पालुपद: 'चितळ्यांनी कधी रील काढून बाकरवडी विकली का?' तिथे चार ओळींत भागणारं नव्हतं, म्हणून वेगळा धागा काढतेय.

आधी चितळ्यांचं. १९५० पासून पुण्यात पाय रोवलेलं दुकान. त्यांचे फलक शहरभर दिसतात, इन्स्टावर ते आहेत, जाहिरातीत सचिन तेंडुलकरला घेतलंय. ज्यांच्या दारात आपोआप रांग लागते त्यांनाही लोकांच्या नजरेसमोर राहावं लागतं. मग गल्लीतल्या दुकानानं गप्प का बसायचं?

आता आमचं. तांबट आळीत सासऱ्यांचं तांब्या-पितळेचं काम, विक्री मी बघते. पूर्वी माल व्यापारी उचलायचा आणि मोठ्या दुकानात दुसऱ्याच्या नावानं विकला जायचा. घेणाऱ्याला कोणी घडवलं याचा पत्ता नसायचा. थेट दुकानात कोणी आलं तर पहिला प्रश्न ठरलेला: 'बाहेर हाच तांब्या निम्म्यात मिळतो, तुमच्याकडे एवढा महाग का?' याचं उत्तर तोंडानं सांगून पटत नाही. बाजारातल्या पुष्कळ भांड्यांवर मशीननं ठसे मारलेले असतात, एकसारखे, ओळीत. हाताच्या मठाराचा, म्हणजे हातोडीनं ठोकून उठवलेल्या ठशांचा, प्रत्येक घाव किंचित वेगळा पडतो, आणि त्या ठोकण्यानं पत्रा कडक होतो. सासरे ठोकताना मी मोबाइल जवळ धरला, गाणं लावलं नाही, फक्त हातोडीचा आवाज ठेवला. तेव्हापासून तो प्रश्न विचारणारे कमी झाले. माणसं व्हिडिओ बघून येतात आणि 'हे हातचंच ना?' एवढंच विचारतात.

फोटो काढणं हे रिकामटेकडं काम आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा तांब्याचा फोटो काढून बघावा. चकचकीत भांड्याच्या पोटात काढणाऱ्याचा हात, मोबाइल, मागची खिडकी, सगळं उमटतं. ट्यूबलाइटखाली तांबं पितळेसारखं पिवळं दिसतं. मग गिऱ्हाईक घरी नेल्यावर म्हणतं, रंग वेगळा निघाला. आम्ही सकाळच्या उजेडात, खिडकीला पांढरी चादर लावून काढतो. पडद्यावर बोट दाबून धरून उजेड पक्का करतो, म्हणजे फोटो मध्येच काळवंडत नाही की फटफटीत होत नाही. माल जसा आहे तसा दाखवणं हाही धंद्यातला प्रामाणिकपणा आहे, आणि तो शिकावा लागतो.

पेठेतला

माझ्या पोस्टचा अर्धाच भाग उचललाय. तांबट आळीतली मंडळी हातानं काम करतात, त्यांनी ते दाखवावं, त्याला माझा विरोध नाही. माझा राग आहे तो फोटोलाच धंदा समजणाऱ्यांवर.

माझ्या सख्ख्या भाच्यानं बाणेरला कॅफे काढला. भिंतीवर निऑनची अक्षरं, कोपऱ्यात झोपाळा, सगळं फोटो काढायला येणाऱ्यांसाठी. इन्स्टाचं पान सांभाळायला एका एजन्सीला दरमहा पैसे बांधून दिले. फॉलोअर वाढले. त्यातले निम्मे कुठल्या देशातले होते देव जाणे. शनिवारी गर्दी व्हायची, पण एक कॉफी घेऊन चार जणं दोन तास फोटो काढत बसायची. कॉफी कशी होते याकडे कोणाचं लक्ष नव्हतं, त्याचंही नव्हतं. भाडं थकलं, कुलूप लागलं. बहिणीच्या बांगड्या मोडल्या त्यात. तुमच्या हातोडीच्या आवाजापुढे माझ्या भाच्याचं कर्ज बसवा आणि मग सांगा.

आणखी एक. २९ जून २०२० ला टिकटॉकवर बंदी आली. ज्यांनी तिथे लाखोंनी माणसं जमवली होती त्यांच्या हातात दुसऱ्या दिवशी काय उरलं? पुढच्याच महिन्यात इन्स्टानं रील आणलं आणि सगळे तिकडे पळाले. भाड्याच्या जागेत माडी बांधताय तुम्ही.

फराळवाली

पेठेतला, भाच्याचं वाईट वाटलं. पण कॅफे बंद पडण्याचं खापर फोटोवर कशाला? भाडं जास्त आणि कॉफी वाईट, हे कारण पुरेसं आहे की.

माझं दुखणं वेगळं. सहकारनगरला घरून फराळ करते. दिवाळीआधी चकलीचा फोटो टाकला, काटा छान आला होता, केळीच्या पानावर. चार दिवसांत तोच फोटो दुसऱ्या एका पानावर! खाली त्यांचा नंबर. एका बाईंनी त्यांच्याकडून मागवल्या, मऊ निघाल्या, आणि त्या बाईंनी येऊन बोल मला लावले, कारण फोटो त्यांनी आधी माझ्याकडे पाहिला होता. तक्रार केली, फोटो उतरला, पण तोवर दिवाळी होऊन गेली होती. आता मी माझा हात, माझा सोऱ्या आणि मागची आमची निळी फरशी फोटोत ठेवते. नुसत्या चकलीचा फोटो टाकायचाच नाही.

लेन्सवाला

फराळवाली, फरशीची युक्ती चांगली आहे. वॉटरमार्क, म्हणजे फोटोवर छापलेलं आपलं नाव, कोपऱ्यात टाकू नका, कापतात.

लोकांना वाटतं नोंदणी केली नाही म्हणजे फोटोवर हक्क नाही. तसं नसतं. काढल्या क्षणापासून हक्क असतो, १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे. आणि व्यवसाय-बंधूंना वाईट वाटेल तरी सांगतो: पैसे घेऊन कोणाच्या सांगण्यावरून फोटो काढला आणि वेगळा करार नसेल, तर कलम १७ प्रमाणे पहिला मालक पैसे देणारा असतो, आम्ही नाही. तेव्हा फोटोग्राफरकडून मूळ फाइली मागून घ्या. काही जण देत नाहीत, अडवून ठेवतात. मला ते आवडत नाही. पण पाचशे रुपयांत वीस पदार्थ काढून द्या म्हणणारेही मला आवडत नाहीत.

किंमत_सांगा

हे सगळं ठीक आहे. पण मूळ प्रश्नाला कोणी हातच घालत नाही. फोटो सुंदर, व्हिडिओ सुंदर, आणि खाली लिहिलेलं असतं: 'किंमत इनबॉक्समध्ये.' का? तुळशीबागेतला माणूससुद्धा ओरडून भाव सांगतो! मी परवा एका साडीची किंमत विचारली. उत्तर आलं, 'हाय डिअर, नंबर पाठवा.' नंबर दिला. त्या दिवसापासून रोज सकाळी चाळीस साड्यांचे फोटो. हा कसला ब्रँड? अशा पानावरून मी काहीही घेत नाही, तत्त्व म्हणून.

पैठणी_आणि_बरंच

किंमत_सांगा, एकदा आमच्या बाजूनं विचार करा. मी भाव लिहिला की दुपारपर्यंत तोच फोटो उचलून दुसरी पन्नास रुपये कमी लावते. तिच्याकडे साडी नसतेच, ऑर्डर आली की घाऊकवाल्याकडून उचलते. शिवाय लोक नुसता आकडा बघून पुढे जातात. बोलणं झालं तर पदर दाखवता येतो, हातमागाची आहे की यंत्रमागाची ते सांगता येतं. विक्री बोलण्यातून होते, ताई.

किंमत_सांगा

मी ताई नाही, दादा आहे. आणि म्हणजे तुमचं म्हणणं, गिऱ्हाइकाला आकडा कळला तर ते पळून जाईल, म्हणून आधी बोलण्यात गुंतवायचं. हे तुम्हीच लिहिलंत.

हिशेबनीस

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० बघा. विक्रेत्यानं करांसह एकूण किंमत दाखवायची असं त्यात स्पष्ट लिहिलंय.

पैठणी_आणि_बरंच

ते ऑनलाइन बाजारांवरून विकणाऱ्यांना. मी घरातल्या कपाटातून विकते. मोठ्या कंपन्यांना सोडून घरातल्या बायकांना नियम दाखवायला बरे सगळे पुढे येतात.

हिशेबनीस

नियमित धंदा करता, पैसे घेता, कुरिअर करता. घरातलं कपाट हे दुकानच आहे. इन्स्टा त्या नियमात बसतं की नाही यावर वकील भांडत बसतील. तुम्हाला भाव लिहायला कोणी अडवलंय का?

किंमत_सांगा

तेच तर! लक्ष्मी रोडच्या दुकानात साडीला चिठ्ठी असते. तिथे सेल्समन म्हणतो का, 'वहिनी, कानात सांगतो'?

पैठणी_आणि_बरंच

लक्ष्मी रोडवाल्यांचा नफा काढा आणि माझा काढा, मग बोला. नवरा गेल्यावर या पानावर घर चाललंय माझं. तुमच्या तत्त्वावर नाही.

कोथरूडकर

दोघंही जरा थांबा. बाई पोटासाठी करतायत, त्यांना असं धारेवर धरू नका. पण किंमत_सांगा यांचा मुद्दा खोटा नाही. माझी बायको रोज संध्याकाळी याच गोष्टीवर चिडते. किमान 'अमुकपासून तमुकपर्यंत' एवढं लिहा. माणसाला आपल्या खिशातलं आहे की नाही ते कळतं, तुम्हालाही फुकटच्या शंभर चौकश्यांना उत्तरं द्यावी लागत नाहीत.

फराळवाली

मी भाव लिहिते. किलोचा आणि अर्ध्या किलोचा, दोन्ही. लिहायला लागल्यापासून फोन कमी झाले, ऑर्डरी कमी झाल्या नाहीत. फोन कमी म्हणजे तळणीपुढे जास्त वेळ, एवढं साधं आहे.

पैठणी_आणि_बरंच

चकली दर दिवाळीला तीच असते. माझी प्रत्येक साडी एकच नग आहे. पण ठीक आहे, 'पासून-पर्यंत' लिहून बघते. फोटो उचलून नेणाऱ्यांचं काय करायचं ते मात्र कोणी सांगितलं नाही.

लेन्सवाला

साडी घडी घालून ठेवलेली काढू नका, नेसून काढा. आणि पदर हातात धरून उलटी बाजू दाखवणारा व्हिडिओ करा. हातमागाच्या पैठणीचा काठ-पदर दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो, मागे धागे लोंबत नाहीत. जिच्याकडे साडीच नाही ती एवढं दाखवू शकत नाही. कोणी वेगळ्या बाजूनं मागितलं तर लगेच काढून पाठवा. चोरणारी तिथेच अडकते.

नऱ्हे_आंबेगाव

माझी खानावळ आहे. खाण्याचे व्हिडिओ करणारे येतात, 'कोलॅब करूया' म्हणतात. म्हणजे दोन थाळ्या फुकट, वर पैसे. नाही म्हटलं तर वाईट रिव्ह्यू टाकू असं एकानं सरळ तोंडावर सांगितलं. पैसे घेऊन केलेल्या व्हिडिओवर जाहिरात असं लिहिलं पाहिजे, जाहिरात क्षेत्राच्या मानक परिषदेचे नियम २०२१ पासून आहेत. किती जण लिहितात?

मी ते बंद केलं. गूगल मॅपवर वेळ नीट टाकली, सोमवार बंद ते लिहिलं, रोज सकाळी फळ्यावर आजची भाजी खडूनं लिहून त्या फळ्याचा फोटो टाकतो. बस. ज्याला भरलं वांगं हवं तो त्या दिवशी येतो.

पेठेतला

नऱ्हेवाल्यांचा फळा मला मान्य आहे. त्यात खोटं काही नाही आणि वेळही जात नाही. फोटोलाच धंदा समजणाऱ्यांबद्दल मी काय म्हणत होतो ते या कोलॅबवाल्यांवरून कळलं असेल सगळ्यांना.

कसब्यातली

पेठेतला, टिकटॉकबद्दल तुम्ही लिहिलंत ते खरं आहे, आणि त्याचं उत्तर फोटो बंद करणं हे नाही. आम्ही दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला आमचा नंबर मोबाइलमध्ये सेव्ह करायला सांगतो. व्हॉट्सअॅपच्या ब्रॉडकास्ट यादीतून एकच मेसेज एकदम सगळ्यांना जातो, पण तो त्यांनाच पोचतो ज्यांनी नंबर सेव्ह केलाय, आणि एका यादीत २५६ जणच बसतात. मर्यादा वाटते खरी, पण ही माणसं आमची आहेत, उद्या इन्स्टा बंद झालं तरी. नवा माल आला की आधी त्यांना फोटो, मग इन्स्टाला.

आणि गाण्यांबद्दल सांगायचं राहिलं. बिझनेस अकाउंटला सिनेमाची बरीचशी गाणी मिळत नाहीत, म्हणून काही जण वैयक्तिक खात्यावरून सध्या गाजणारं गाणं लावून माल विकतात. व्हिडिओचा आवाज जातो किंवा व्हिडिओच उतरतो. तुमच्या कामाचा आवाज आहे ना? सोऱ्या दाबताना, चकली तेलात पडताना, माग चालताना. तो कोणी अडवत नाही.

पेठेतला

बरं. हातानं घडवणाऱ्यानं दाखवावं, इथपर्यंत मी येतो. भाच्याच्या बाबतीत माझं मत तेच आहे आणि एजन्सीवाल्यांबद्दलही.

एक प्रश्न. आईला तांब्याचा तांब्या हवाय, पाणी प्यायचा, दीड लिटरचा. किंमत इथेच लिहा. इनबॉक्समध्ये येणार नाही.

कसब्यातली

आमचा माल वजनावर जातो आणि तांब्याचा भाव हलता असतो, म्हणून पानावर प्रत्येक नगाखाली वजन आणि त्या आठवड्याचा दर लिहिलेला असतो. दीड लिटरचा मठाराचा तांब्या साधारण ७०० ग्रॅम भरतो, या आठवड्यात झाकणासकट १,८५० रुपये. आईंना सांगा, चिंच किंवा लिंबू-मीठ लावून घासायचा, तारेची घासणी नको, आणि आंबट काही त्यात ठेवायचं नाही.

किंमत_सांगा

बघा, लिहिता येते.