मोबाईल स्टार्टरचं कार्ड स्वतः बनवतोय, नीट शिकायला काय वाचू?

सेलूचा वायरमन
मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. आता रिवाइंडिंगपेक्षा मोबाईल स्टार्टरची कार्डंच जास्त यायलेत. रात्रीच्या लाईटीला विहिरीवर कोण जाणार, घरूनच कॉल मारून मोटार चालू करायची. म्हणून स्वतःच एक कार्ड बनवलं: आर्डुइनो नॅनो (कोड चालवणारा छोटा बोर्ड), सिम८००एल (सिम घालायचं मोबाईल मॉड्यूल), रिले, पुढं कॉन्टॅक्टर (मोटारीचा मोठा स्विच, आतल्या कॉइलनं ओढला जाणारा). टेबलावर बल्ब लावला की झकास. शेतात लावलं की कॉन्टॅक्टर सुटताना कार्ड रिसेट. कोड तीनदा बदलला. व्हिडिओवाले एलईडी लुकलुकवतात अन् पुढं गायब होतात. इंग्रजी जेमतेम आहे. नव्या चिपांची खबर तुम्ही कुठून काढता, तेही सांगा.

वाळूजकर
दादा, कोडला हात लावू नका, त्या बिचाऱ्याचा दोष नाही. कॉइल सुटताना उलटा झटका मारते, तोच कार्डात शिरायलाय. रिलेला तो झटका जिरवायला डायोड असेलच, पण एसी कॉइलवर डायोड चालत नाही. कॉइलच्या टोकांवरच आरसी स्नबर टाका, म्हणजे झटका जिरवायला एकामागे एक जोडलेले १०० ओहमचा रेझिस्टर अन् ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. आधी कॉइलवरचा आकडा वाचा. दोन फेजवरची ४१५ ची असेल तर २७५ व्होल्टवाला कपॅसिटर फुटेल, ४४० व्होल्ट एसीचा घ्या. अन् हात घालण्याआधी फ्यूज काढा.

वाचायला सिम८००एलचंच डेटाशीट (कंपनीचं माहितीपत्रक) घ्या. सगळं नको, फक्त सप्लायचं पान. ३.४ ते ४.४ व्होल्ट, अन् सिग्नल सोडताना २ अँपियरपर्यंत ओढ. हे दोन आकडे कळले की मॉड्यूलच्या पायाशी १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर का लावतात ते आपोआप कळतं. इंग्रजी लागतं ते एवढंच. आणि हो, हे मॉड्यूल फक्त २जी आहे, जिओला २जी नाही, म्हणून जिओचं सिम त्यात चालणार नाही.

लातूरची पोरगी
काका, सर्किट बोर्डाचं डिझाईन काढायला कायकॅड हे सॉफ्टवेअर फुकट आहे. एनपीटीईएल या आयआयटीवाल्यांच्या साईटवर एम्बेडेडची (यंत्रात बसवलेल्या चिपांची) लेक्चरं फुकट आहेत, थांबवत थांबवत बघा.

नवी चिप आली की मी जाहिरातीऐवजी तिचा इराटा वाचते, म्हणजे कंपनीनंच छापलेली चुकांची यादी. ऑगस्ट २०२४ मध्ये रास्पबेरी पायच्या पिको २ बोर्डासोबत आरपी२३५० ही चिप आली. तिच्या इराटात ई९ नंबरची चूक आहे: सुरुवातीच्या चिपांत आतला पुल-डाउन (पिनला शून्याकडं ओढणारा रेझिस्टर) लावलेली इनपुट पिन २ व्होल्टच्या आसपास अडकून बसायची. उपायही तिथंच दिलाय, बाहेरून ८.२ किलोओहम किंवा त्याहून कमीचा रेझिस्टर. ते न वाचणारा कोडच शोधत बसणार, तुमच्यासारखा.

सेलूचा वायरमन
टोमणा पोचला, ताई. मॉड्यूल काढून, बटणानं कॉन्टॅक्टर दहादा ओढून सोडला. सातदा रिसेट, म्हणजे दोष मॉड्यूलचा नाही, कॉइलच्या झटक्याचाच. कॉइलवर ४१५ च आहे. ४४० वाला कपॅसिटर इथं मिळाला नाही, मागवलाय. स्नबरचा रेझिस्टर किती वॅटचा घेऊ?

वाळूजकर
एरवी त्यात जेमतेम १३ मिलिअँपियर जातो, पाव वॅटही भरत नाही. पण सुटतानाचा झटका सोसायला २ वॅटचाच घ्या.