टेड केनेडी १९८० मध्ये कार्टरसमोर हरलाच कसा?

परवाचा_पेपर
मंडळी, सध्या अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टरच्या काळाबद्दल वाचतोय आणि एका गोष्टीशी अडलोय. १९८० च्या निवडणुकीसाठी डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मिळवायला टेड केनेडी आपल्याच पक्षाच्या कार्टरविरुद्ध उतरला आणि हरला. १९७९ च्या उन्हाळ्यातले पोल बघितले तर डेमोक्रॅट मतदारांत टेड केनेडी कार्टरच्या जवळपास दुप्पट पुढे. महागाई दोन आकडी, पेट्रोलपंपावर रांगा, पक्षातलेच लोक कार्टरला वैतागलेले, आणि समोर उभं कोण तर केनेडी आडनाव! मग सहा महिन्यांत एवढं पारडं फिरलं कसं? जिथे तिथे त्या टीव्ही मुलाखतीचं नाव घेतात पण एका मुलाखतीने एवढं होतं का राव? आणि गणित संपलंय हे दिसत असताना हा बाबा ऑगस्टपर्यंत का लढत बसला?

अर्धा_कप
मुलाखत बघ एकदा, मग कळेल. सीबीएसच्या रॉजर मडने विचारलं काय, तर तुम्हाला राष्ट्राध्यक्ष का व्हायचंय. एवढंच. याहून सोपा फुलटॉस नसतो, आणि साहेब आधी गप्प, मग देशाकडे काय काय आहे आणि आपण कुठे मागे पडतोय असं काहीतरी लांबण लावत बसले, शेवटपर्यंत 'का' चं उत्तर नाहीच. त्यात चॅपाक्विडिकचा विषयही निघाला. १९६९ मध्ये याची गाडी पुलावरून पाण्यात गेली, सोबतची मेरी जो कोपेक्नी जिवानिशी गेली आणि याने पोलिसांना सांगितलं थेट दुसऱ्या दिवशी सकाळी. दहा वर्षं झाली तरी लोक विसरले नव्हते, आणि विसरावं तरी का.

तिरकी_रेघ
अर्धा_कप, मुलाखतीला तुम्ही फार भाव देताय. ती दाखवली ४ नोव्हेंबर १९७९ ला. त्याच दिवशी तेहरानमध्ये काय झालं? अमेरिकन दूतावासावर कब्जा, माणसं ओलीस. केनेडीने बॉस्टनच्या फॅनिअल हॉलमध्ये उमेदवारी जाहीर केली ७ तारखेला, म्हणजे तीनच दिवसांनी, आणि तोवर खेळच बदलला होता. देशावर संकट आलं की लोक काही दिवस तरी खुर्चीवरच्या माणसामागे उभे राहतात, कार्टरचं रेटिंग भसाभस वर गेलं. वर कार्टर म्हणाला मी ओलिसांच्या कामात आहे, प्रचाराला येत नाही, आयोवातली डिबेटसुद्धा रद्द. आता केनेडीने भांडायचं कोणाशी, रिकाम्या खुर्चीशी? आयोवा कॉकसमध्ये, म्हणजे उमेदवार ठरवायला भरणाऱ्या तिथल्या पक्षसभांमध्ये, केनेडी ५९-३१ ने आपटला.

परवाचा_पेपर
अरे हो, तारीख एकच आहे हे लक्षातच आलं नव्हतं. पण मग नंतर न्यूयॉर्क जिंकला ना?

जुना_मतदार
जिंकला, आणि चांगला जिंकला, ५९-४१. पण त्यात त्याच्या स्वतःच्या प्रचाराइतकाच कार्टरच्या घोळाचा हात होता, युनोत इस्रायली वसाहतींविरुद्धच्या ठरावाला अमेरिकेने मत दिलं आणि मग चूक झाली म्हणून माघार घेतली, न्यूयॉर्कचे ज्यू मतदार भडकले. आठवडाभर आधी इलिनॉयमध्ये मात्र डेलिगेट (पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार निवडणारे प्रतिनिधी) कार्टरला १६५ आणि केनेडीला १४! तिथेच खरं तर कंबर मोडली. नंतर जिंकून फारसा फायदा नाही कारण बहुतेक ठिकाणी डेलिगेट मतांच्या प्रमाणात वाटतात, पन्नास-पंचावन्न टक्क्यांनी जिंकलात तर एवढी मोठी दरी बुजत नाही. ३ जूनला आठपैकी पाच राज्यं घेतली, कॅलिफोर्नियासकट, आणि त्याच रात्री कार्टरने बहुमताचा आकडा गाठला.

ऑगस्टपर्यंत का लढला म्हणाल, तर एकच फट उरली होती. पहिल्या फेरीत डेलिगेटने ज्याच्या नावावर निवडून आलो त्यालाच मत द्यायचं, हा नियम ऑगस्टमधल्या पक्षाच्या अधिवेशनात मोडून काढायचा, म्हणजे कार्टरचे डेलिगेट फोडता येतील. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये, अधिवेशनातच, त्यावर मतदान झालं, १९३६ विरुद्ध १३९०, नियम राहिला, त्याच रात्री माघार. गंमत म्हणजे दुसऱ्या दिवशी, १२ ऑगस्टला, जे भाषण केलं ते त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात गाजलेलं. मडने नऊ महिन्यांपूर्वी विचारलेल्याचं उत्तर तेव्हा सापडलं बहुतेक.

अर्धा_कप
म्हणजे मुलाखतीचा मुद्दा माझाच बरोबर 😄

तिरकी_रेघ
घ्या, अर्धे मार्क. पण ओलीस प्रकरण नसतं तर मुलाखत फाटली तरी आयोवात एवढा मार बसला नसता, यावर मी ठाम आहे.

जुना_मतदार
अधिवेशनाच्या शेवटच्या रात्रीचं फुटेज मिळालं तर बघाच. कार्टरला स्टेजवर केनेडीसोबत हात वर उंचावलेला फोटो हवा होता, केनेडी हात मिळवतो आणि सटकतो, राष्ट्राध्यक्ष त्याच्या मागे मागे. नोव्हेंबरमध्ये रिपब्लिकन रेगनने कार्टरविरुद्ध ४४ राज्यं नेली.

परवाचा_पेपर
बघतो आज रात्री. त्या नियमाच्या भांडणावर काही सविस्तर वाचायला असेल तर सांगा, मला तोच भाग सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतोय.