मदत हवी आहे: डब्यावर 'नो अजिनोमोटो' असं स्टिकर लावू का?

नमस्कार मंडळी, मी कल्याणला राहते आणि शनिवार-रविवार घरून चायनीजच्या ऑर्डर घेते. फ्राइड राइस, हक्का नूडल्स, कोबी मंचुरियन, आणि हल्ली पोरं मागतात म्हणून ट्रिपल शेजवान. गिऱ्हाईक बहुतेक आमच्याच सोसायटीतलं. नवीन माणसाचा फोन आला की भाव नंतर विचारतात, आधी 'ताई अजिनोमोटो टाकता का हो?' मी टाकत नाही, घरात पुडीच नाही, त्यामुळे बिनधास्त नाही म्हणून सांगते. आता मुलगी इन्स्टावर पेज काढून देतेय आणि तिला डब्याला लावायला 'नो अजिनोमोटो'चं स्टिकर छापायचंय.

छापायच्या आधी म्हटलं सामान तरी बघू. चष्मा लावून सोया सॉसच्या बाटलीमागचं ते मुंगीएवढं बारीक वाचलं तर साखर, मीठ, सोयाबीन आणि पुढे फ्लेवर एन्हान्सर ६२१. सूपच्या क्यूबमध्ये ६२१ तर आहेच शिवाय ६२७ आणि ६३१. शेजवान चटणीच्या बरणीवर ६३५. आता ६२१ म्हणजेच मोनोसोडियम ग्लुटामेट (एमएसजी) म्हणजेच आपला अजिनोमोटो, आणि ६३५ म्हणजे ६२७ नि ६३१ एकत्र, ते अजिनोमोटो नाहीत पण ग्लुटामेटची चव वाढवायलाच घालतात. म्हणजे पुडी नसली तरी माल कढईत जातोच आहे ना!

मग दोनतीन रात्री बसून वाचलं. १९०८ साली जपानमध्ये इकेडा नावाच्या प्रोफेसरांनी कोंबू नावाच्या समुद्री शेवाळाच्या सूपमधून ही ग्लुटामेटची चव वेगळी काढली आणि १९०९ पासून ती विकायला आली. घाबरायचं प्रकरण १९६८ चं. अमेरिकेतल्या एका डॉक्टरांनी मेडिकल जर्नलला पत्र लिहिलं की चायनीज हॉटेलात जेवलं की मानेमागे बधिर होतं, धडधडतं. त्यात त्यांनी सोया सॉस, स्वयंपाकातली वाइन, जास्तीचं मीठ असे बरेच अंदाज केले होते, पण नाव चिकटलं ते अजिनोमोटोलाच. पुढच्या वर्षी उंदरांच्या नवजात पिल्लांना इंजेक्शन देऊन मेंदूवर परिणाम दाखवले, पण आपण काही ते टोचून घेत नाही. २००० साली अमेरिकेत, आम्हाला ह्याचा त्रास होतोच असं म्हणणाऱ्या १३० जणांना, काय देतोय ते न सांगता, कधी ५ ग्रॅम अजिनोमोटो आणि कधी तो नसलेलं दुसरंच काहीतरी दिलं, तेही जेवणाशिवाय. काहींना झाला त्रास, पण तेच परत केलं तर दरवेळी होईना.

इतकं वाचून माझं मत असं झालंय की लोक समजतात तेवढं हे विष नाही. टोमॅटोत, चीजमध्ये, अगदी आईच्या दुधातही ग्लुटामेट असतं. पण म्हणून कितीही टाकावं असंही नाही. अमेरिकेची एफडीए (तिथलं अन्न-औषध खातं) म्हणते की ३ ग्रॅम किंवा जास्त, तेही अन्नाशिवाय पोटात गेलं तर काहींना डोकेदुखी, बधिरपणा, धडधड असं थोडा वेळ होऊ शकतं, आणि एरवी एका वाढपात अर्धा ग्रॅमही नसतं. युरोपवाले जास्त कडक, २०१७ मध्ये त्यांनी दिवसाला किलोमागे ३० मिलिग्रॅम अशी मर्यादा ठेवली, म्हणजे साठ किलोच्या माणसाला १.८ ग्रॅम. आता आमच्या नाक्यावरचा गाडीवाला डब्यातून चमचा भरून कसा उडवतो ते मी उभं राहून बघितलंय, चहाचा एक चमचा म्हणजे चारेक ग्रॅम झाले की, तिथे कसला अर्धा ग्रॅम!

आमच्या ह्यांना गाडीवरचं खाल्लं की डोकं धरतं आणि रात्रभर पाणी पाणी करतात, माझ्या हातचं खाऊन काही होत नाही, आणि सॉस तर माझ्यातही ६२१ वालाच आहे. मग हे प्रमाणामुळे का तिथल्या मिठामुळे? (त्याआधी मित्रांबरोबर बसलेले असतात हेही प्रामाणिकपणे लिहायला हवं.) कुणाला असा नेमका अनुभव आहे का, म्हणजे बाकी सगळं तेच आणि फक्त अजिनोमोटो काढल्यावर डोकेदुखी थांबली असा?

दुसरं, सासूबाईंना बीपी आहे. मिठात सोडियम साधारण ३९ टक्के आणि अजिनोमोटोत १२ टक्के. तर थोडं मीठ कमी करून चिमूटभर हे घातलं तर उलट बरं का? डॉक्टरांना विचारणारच आहे पण इथे कुणी डाएटिशियन असतील तर सांगा.

आणि मुख्य प्रश्न स्टिकरचा. २०१५ ची नूडल्सची भानगड आठवत असेल, जूनमध्ये बंदी, ऑगस्टमध्ये मुंबई हायकोर्टाने उठवली. शिसं हा एक मुद्दा होता आणि दुसरा हाच, पाकिटावर एमएसजी घातलेलं नाही असं छापलेलं आणि तपासणीत सापडलेलं. वरून घातलेलं कुठलं आणि पदार्थात मुळातलं कुठलं हे लॅबला वेगळं काढता येत नाही, म्हणून २०१६ मध्ये एफएसएसएआयने (आपल्याकडचं अन्नसुरक्षा खातं) सांगितलं की मुद्दाम घातलंय हे कळल्याशिवाय नूडल्सवाल्यांवर केस करू नका. माझं रजिस्ट्रेशन आहे, उगाच छोट्या धंद्यात कटकट नको.

-----

प्रतिसादांबद्दल सगळ्यांचे आभार, इथेच एकत्र लिहिते. हाडांपासून, डुकराच्या चरबीपासून बनतं असं ज्यांनी लिहिलंय, तसं नाहीये हो, उसाची मळी, टॅपिओका, मका असल्या गोड-पिठूळ मालावर जिवाणू सोडून आंबवून बनवतात. कॅन्सरवाला व्हॉट्सॲप फॉरवर्ड कृपया परत टाकू नका, त्यात ना नाव ना गाव. एक वर्षाखालच्या बाळांना मात्र नको हे बरोबर, ६२१ घातलेल्या पाकिटावर तसा इशारा द्यायचा नियमच आहे, आणि ज्या ताईंनी दहा महिन्यांच्या बाळाला सूप क्यूब चालेल का विचारलंय त्यांनी देऊ नका, त्यात मीठही भरपूर असतं.

'वरून अजिनोमोटो घालत नाही, सॉसमध्ये असतो' असं लिहा ही सूचना मला पटली. मुलगी म्हणते एवढं मोठं स्टिकर कोण वाचणार, आणि सोसायटीतल्या एका काकू म्हणाल्या अगं असं लिहिलंस तर उरलेलं गिऱ्हाईकही जाईल. जाईना का, फोनवर विचारलं तर मी हेच सांगणार. तेव्हा आता एवढंच, ६२१ नसलेला सोया सॉस पाच लिटरच्या कॅनमध्ये कल्याण-डोंबिवलीत होलसेलला कुठे मिळतो? तो मिळाला तरी सोयाबीन आंबवताना ग्लुटामेट तयार होतंच, त्यामुळे 'नो अजिनोमोटो' मी काही छापत नाही, पण निदान 'सॉसमध्ये असतो' हे शब्द गाळता येतील. भाव माहीत असेल तर तोही टाका.