माळकरी घरात दोन भावंडं प्रतिपालकत्वाखाली येताहेत, तयारी कशी करावी?

कृष्णाकाठ

बाल कल्याण समितीच्या आदेशाने पुढच्या आठवड्यात आमच्याकडे दोन भावंडं प्रतिपालकत्वाखाली, म्हणजे काही काळ सांभाळायला, येताहेत. ताई ११ वर्षांची, धाकटा ७ चा. त्यांची आई दीर्घ आजारी आहे. ती सावरली की मुलं तिच्याकडे परत जातील. आमच्या घरात सासूबाई, आम्ही दोघं आणि आमची दोन मुलं (१३ आणि ९). रोज संध्याकाळी हरिपाठ, दोन्ही एकादशा, शनिवारी भजनी मंडळ, गणपतीत पन्नासेक माणसांची पंगत, असं सतत गजबजलेलं घर आहे. मुलांचं घर बौद्ध आहे. पहिले दिवस कसे जावेत, आणि आमच्या नेमधर्माचं काय करावं?

घरटं

येण्याच्या दिवशी घरात फक्त रोज राहणारी माणसं असू द्या. ओवाळणं, मंडळाची ओळख, शेजारणींची रीघ, हे सगळं निदान दोन आठवडे पुढे ढकला. आल्या आल्या संडास-बाथरूम, दिव्यांची बटणं, पिण्याचं पाणी आणि रात्री तुम्ही कुठे झोपता ते दाखवा. रात्री घाबरलं तर कोणाला उठवायचं, हे स्पष्ट सांगा.

भावंडांना एकाच खोलीत झोपवा. गादीवर रबरी चादर आधीच घाला आणि तुमच्या मुलांच्या गादीवरही घाला, म्हणजे ती कोणा एकासाठी ठरत नाही. सातव्या वर्षी भीतीने अंथरूण ओलं होऊ शकतं. सकाळी गाजावाजा न करता चादर बदला. त्यांच्या पिशवीतले कपडे, गोधडी लगेच धुवू नका, फाटकं असलं तरी टाकू नका. त्याला त्यांच्या घराचा वास असतो.

खाण्याचं विशेष लक्षात घ्या. हाताला येईल अशा फळीवर एक डबा ठेवा: शेंगदाण्याचे लाडू, चिवडा, केळी. तो न विचारता उघडायचा. उशीखाली पोळी लपवलेली सापडली तर रागावू नका, फक्त डबा भरलेला आहे ते दाखवा. डबा कधीच रिकामा दिसला नाही की लपवणं बहुधा आपोआप कमी होतं.

ताई धाकट्याची आई होऊन वागेल, त्याला भरवेल, त्याच्यासाठी भांडेल. ते काम तिच्या हातून एकदम काढून घेऊ नका. “आज याचं दप्तर मी भरते, तू केस विंचर,” असं एकेक काम घ्या. हाक काका-काकू, आजी अशीच ठेवा. आई-बाबा म्हणायला लावू नका, त्यांची आई आहे. पहिले काही आठवडे मुलं फार शहाण्यासारखी वागतील. मग रुसणं, खोटं बोलणं, आदळआपट सुरू होईल. इथून आपल्याला हाकलणार नाहीत ना, हे ती तपासत असतात.

निळीशाई

नेमधर्माबद्दल. तुमचा हरिपाठ बंद करायची गरज नाही, पण मुलांनी त्यात बसलंच पाहिजे असं ठेवू नका. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दीक्षेच्या वेळी बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांत राम-कृष्णाला, गौरी-गणपतीला देव न मानण्याच्या प्रतिज्ञा आहेत. ११ वर्षांच्या मुलीला त्या तोंडपाठ असू शकतात. तिला आरतीचं ताट धरायला सांगणं म्हणजे तिला तिच्या आईविरुद्ध उभं करणं. आजींना एक गोष्ट आधीच समजावून सांगा: “अगं, आमचा विठोबा म्हणजे बुद्धच की,” हे वाक्य प्रेमाने म्हटलं तरी तिला लागेल, कारण बुद्ध विष्णूचा अवतार नाही हीही त्यातलीच एक प्रतिज्ञा.

मुलांनी बुद्ध-बाबासाहेबांची तसबीर आणली असेल तर त्यांच्या खोलीत, ती सांगतील त्या भिंतीवर, त्यांच्यासमोर खिळा ठोकून लावा. त्रिसरण-पंचशील म्हणायची वेळ त्यांना विचारा. १४ एप्रिलला आणि बुद्धपौर्णिमेला त्यांना विहारात न्यायचं, हे आत्ताच दिनदर्शिकेवर लिहा. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेचं कलम २० मुलाच्या धार्मिक-सांस्कृतिक पार्श्वभूमीचं सातत्य जपायला सांगतं. भारताने ती १९९२ मध्ये स्वीकारली आहे.

दिवेलागण ही अशा मुलांची सर्वांत अवघड वेळ, घराची आठवण तेव्हाच येते. शाळेतून आल्यावर साडेपाचला पोटभर खाऊ द्या, म्हणजे हरिपाठ होईपर्यंत भूक धरून बसावं लागणार नाही. टाळ-मृदंगाच्या आवाजाने धाकटा दचकला तर दार लोटून एक मोठं माणूस त्याच्यासोबत आत बसू दे. प्रसाद सगळ्यांना सारखाच द्या. कोण बसलं, कोण नाही यावर तो ठरवू नका. नको म्हणाली तर तेही चालू द्या.

एकादशीला त्यांच्यासाठी वरणभात, पोळीभाजी रोजच्यासारखीच शिजवा. उपाशी राहिलेल्या मुलाला “आज उपास” ऐकून धस्स होतं. मुलांना तुळशीची माळ घालू नका. माळ म्हणजे मांसाहार सोडणं. उद्या आईने मटण केलं तर मूल कोणाचं ऐकेल? अंडी घरात चालत नसतील तर समितीला आणि मुलांना आधीच सांगा, डाळी-दूध-पनीर वाढवा. पण “आपल्याकडे असलं खात नाहीत” हा सूर नको.

पारावरून

कागदांकडे वळतो. समितीच्या आदेशाच्या चार-पाच प्रती काढून ठेवा. शाळा, दवाखाना, प्रवास, सगळीकडे विचारतात. आधार, लसीकरण कार्ड, शाळा सोडल्याचा दाखला मागून घ्या. दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही, शिक्षण हक्क कायदा २००९, कलम ५. शस्त्रक्रियेच्या संमतीवर सही कोणाची, हे जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडून लेखी घ्या. वारीला किंवा जिल्ह्याबाहेर न्यायचं असेल तर आधी त्यांनाच विचारा. बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ४४ प्रमाणे समितीची दरमहा पाहणी असते, त्याला तपासणीसारखं घाबरू नका. मिशन वात्सल्य या केंद्र सरकारच्या योजनेखाली मुलामागे दरमहा ४,००० रुपये आहेत, पण पैसे तारखेला येतीलच असं धरून खर्च मांडू नका.

तुमच्या ९ वर्षांच्याला आजवर मिळालेलं शेंडेफळाचं स्थान आता जाणार. त्याची कोणती खेळणी वाटायची आणि कोणती फक्त त्याची, हे त्याच्यासमोर ठरवा. तुमच्या दोन्ही मुलांना आठवड्यातून अर्धा तास वेगवेगळा द्या.

कृष्णाकाठ

खूप उपयोग झाला. दोन शंका. नातेवाईक गणपतीत फोटो काढून ग्रुपवर टाकतात. आणि “ही कोणाची?” असं विचारलं तर काय सांगायचं?

पारावरून

फोटो ग्रुपवर अजिबात नको. बाल न्याय कायद्याचंच कलम ७४ मुलाची ओळख उघड करायला मनाई करतं. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. नातेवाईकांना आदल्या दिवशीच फोन करून सांगा. तुम्ही मात्र फोटो काढा, छापून एका वहीत लावा. वही मुलांची, परत जाताना त्यांच्यासोबत जाईल.

घरटं

मुलांना एक तयार वाक्य द्या: “आम्ही सध्या काकूंकडे राहतो.” पुढचे प्रश्न मोठ्यांनी अडवायचे. तुमच्या मुलांनाही एवढंच माहीत असू दे की त्यांची आई आजारी आहे. आणि पंगतीच्या दिवशी मुलांच्या खोलीत पाहुण्यांच्या बॅगा ठेवू नका. ती खोली त्यांना दार लावून बसायला मोकळी हवी.