मदत हवी आहे: स्पायडरमॅनचा खरा पहिला भाग कोणता? (शनिवारच्या आत सांगा)

उंबरठा (मंगळवार, रात्री १०.१२)

घाईत लिहितेय. स्पायडरमॅनची कॉमिक्स वाचायला घ्यायची आहेत, अगदी पहिल्यापासून. दुकानात पुस्तकावर ठळक १ छापलेला दिसला म्हणून तेच घेतलं. घरी उघडलं तर पीटरला, म्हणजे स्पायडरमॅनलाच, दाढी, बायको, दोन मुलं! आणि सिनेमात सुरुवातीलाच मरणारा त्याचा बेनकाका इथे जिवंत, रोज कामावर जातोय. आधी वाटलं बनावट प्रत गळ्यात मारली. दुकानदाराला फोन केला तर म्हणाला, "ताई, पहिला भाग हाच, हल्ली सगळे हाच नेतात." बदलून देतो म्हणालाय, पण फक्त शनिवारपर्यंत.

दोन दिवस नेटवर याद्या वाचतेय. एकीत १९६२, दुसरीत २०००, तिसरीत चाळीसेक नावं. मला एकच नाव हवंय. सिनेमे सगळे पाहून झालेत, ते सुचवू नका.

गोदाकाठ (मंगळवार, रात्री १०.३१)

पुस्तकाचं पूर्ण नाव काय? मुखपृष्ठावर लेखक-चित्रकार कोण? आणि वाचणार कोण, तुम्ही स्वतः की घरातलं कुणी? वय, इंग्रजी कितपत जमतं, खर्च किती करायचाय? एवढं कळल्याशिवाय एक नाव सांगता येणार नाही.

सह्यवारा (मंगळवार, रात्री १०.४४)

यात विचारायचं काय आहे? 'अमेझिंग फँटसी' अंक १५, ऑगस्ट १९६२. स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको. अवघ्या ११ पानांत कोळी चावतो, पोरगा पैशामागे लागतो, चोराला जाऊ देतो आणि त्याची किंमत मोजतो. मासिक बंद पडायच्या बेतात होतं, तो शेवटचाच अंक ठरला, आणि त्यातून हे सगळं उभं राहिलं. ज्याला स्पायडरमॅन समजून घ्यायचाय त्याने ही ११ पानं आधी वाचावीत. मग १९६३ पासूनचा 'अमेझिंग स्पायडरमॅन' ओळीने. दुसरा रस्ता नाही.

काळीशाई (मंगळवार, रात्री ११.०५)

ओळीने? सहा दशकांचे अंक? नवख्या माणसाला पळवून लावायचा हा खात्रीचा उपाय आहे.

माझं ऐका, स्पायडरमॅन राहू द्या. 'बॅटमॅन: इयर वन' घ्या. फ्रँक मिलर, डेव्हिड मॅझुकेली, १९८७. चार अंकांत गोष्ट पुरी. मागचं काही माहीत असावं लागत नाही, पुढचं काही घ्यावं लागत नाही. मी तिथूनच सुरू केलं, आतापर्यंत सात जणांना हेच दिलं आणि सातही जण आज वाचतात.

उंबरठा (बुधवार, सकाळी ७.५०)

बॅटमॅन मी विचारलेला नाही. गोदाकाठ, नाव 'अल्टिमेट स्पायडरमॅन', खंड १. लेखक जोनाथन हिकमन, चित्रं मार्को केक्केत्तो. इंग्रजी मी वाचते. आता तरी सांगा, हा पहिला भाग आहे की नाही?

गोदाकाठ (बुधवार, सकाळी ८.२०)

आहे आणि नाही. प्रत अस्सल आहे, तुम्हाला कुणी फसवलेलं नाही.

मूळ मालिका फार लांबली तेव्हा मार्व्हलने २००० साली 'अल्टिमेट' नावाचं वेगळं जग काढलं. त्यात पीटर पुन्हा १५ वर्षांचा, शाळेत जाणारा, मागचं ओझं शून्य. ब्रायन मायकल बेंडिस लेखक, मार्क बॅगली चित्रकार. नाव 'अल्टिमेट स्पायडरमॅन'. पुढे ते जग संपलं. मग २०२४ साली नवं अल्टिमेट जग सुरू झालं आणि त्यातल्या मालिकेलाही नाव दिलं 'अल्टिमेट स्पायडरमॅन'. तुमच्या हातात आहे ती ही दुसरी. दोघींचाही खंड १ आहे, दोन्ही खऱ्या आहेत. तुम्हाला बहुतेक बेंडिसवाली हवी होती. याद्यांमधलं २००० म्हणजे तीच.

पुस्तकावरच्या १ वर कधीच विसंबू नका. मूळ 'अमेझिंग'नेही १९९९, २०१४, २०१५, २०१८ आणि २०२२ मध्ये अंक पुन्हा १ पासून मोजलेत. दुकानात मागताना लेखकाचं नाव आणि साल सांगायचं, आकडा नाही.

रानजाई (बुधवार, सकाळी ९.०२)

हिकमनची दाढीवाली गोष्ट सध्या मी सगळ्यात मन लावून वाचते, म्हणून राहवत नाही. यात बेनकाका जिवंत आहे ती चूक नाही, गोष्टच ती आहे. जुन्या अल्टिमेट जगातला मेकर नावाचा खलनायक इकडे येतो आणि वीरांना त्यांच्या शक्ती मिळण्याआधीच

सह्यवारा (बुधवार, सकाळी ९.०९)

रानजाई, थांबा! बाईंनी अजून वाचलेलं नाही.

रानजाई (बुधवार, सकाळी ९.१५)

बरं, एवढंच सांगते: या पीटरला वेळेवर कोळी चावलेलाच नाही. पस्तिशीत, घरसंसार असताना ती संधी समोर येते आणि घ्यायची की नाही हे त्याला ठरवायचं असतं. पंधराव्या वर्षी अंगावर पडलेली गोष्ट आणि पस्तिशीत जाणूनबुजून निवडलेली, यात फार अंतर आहे. मी दोन मुलांची आई आहे, मला हा पीटर त्या शाळकरी पोरापेक्षा जवळचा वाटतो. परत करू नका.

काळीशाई (बुधवार, सकाळी ९.४०)

पण मूळ गोष्टच ठाऊक नसेल तर ती उलटवल्याची गंमत कशी कळणार? नवख्या माणसाला हे देणं चूकच.

रानजाई (बुधवार, सकाळी ९.४८)

त्यांनी सिनेमे पाहिलेत, पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय. बेनकाकाचं काय होतं ते त्यांना चांगलं ठाऊक आहे, म्हणून तर त्या दचकल्या.

निवांत_दुपार (बुधवार, दुपारी १.१०)

सिनेमांचा क्रम सांगतो, सोपा आहे. आधी टोबी मॅग्वायरचे तीन (२००२, २००४, २००७), मग अँड्र्यू गारफिल्डचे दोन (२०१२, २०१४), मग टॉम हॉलंडचे. याच क्रमाने बघा, नाहीतर २०२१ च्या सिनेमात तिघं एकत्र येतात ते कळणार नाही.

जुनाबाजार (बुधवार, दुपारी ३.३३)

खंड वगैरे सोडा, सुटे अंक जमवा. प्लास्टिकच्या पिशवीत, मागे पुठ्ठा लावून, उन्हापासून लांब, उभे ठेवायचे. आडवी थप्पी लावली की खालचे अंक दबतात, पाठी चिरतात. मुंबईच्या दमट हवेत महिन्यातून एकदा पेटी उघडून बघायची. पिन गंजली की डाग आतल्या पानांवर उतरतो आणि मग काही करता येत नाही.

शिळोपा (बुधवार, संध्याकाळी ६.००)

अवांतर आहे, पण लिहितो. आमची सुरुवात इंद्रजाल कॉमिक्सपासून झाली. १९६४ ते १९९०, टाइम्सवाले काढायचे आणि मराठीतही यायची. वेताळ, मँड्रेक, नंतर बहादूर. वेताळाच्या मुद्रांकित अंगठीचा ठोसा बसला की गुंडाच्या जबड्यावर कवटीची खूण उमटायची. आम्ही रद्दीवाल्याकडे बसून फुकट वाचायचो, तोही बिचारा काही बोलायचा नाही. वेताळाला कुठूनही सुरुवात करता यायची. दर गोष्टीच्या तोंडाशी त्याचा वंश, गुहा आणि शपथ थोडक्यात सांगून ठेवलेली असायची. नव्या पोराला 'मागचे अंक आण' असं कुणी म्हणत नव्हतं. आजच्या कंपन्यांनी हे शिकायला हवं.

गोदाकाठ (बुधवार, संध्याकाळी ६.२५)

शिळोपा, अवांतर असलं तरी मुद्दा नेमका आहे. उंबरठा, वाचणार कोण ते तुम्ही अजून सांगितलं नाहीत.

उंबरठा (बुधवार, रात्री ९.५५)

मुलगा. दहा वर्षांचा, मराठी माध्यम. मला वाटलं स्पायडरमॅन म्हटल्यावर मुलासाठीच असणार हे कळेल. रात्री झोपताना आम्ही दोघं वाचतो. मी इंग्रजी वाचून मराठीत सांगते, तो चित्रांवर बोट ठेवून पुढे सरकतो. गोष्टीची पुस्तकं तो हातात धरत नाही. सिनेमा बघून स्वतःहून "याचं पुस्तक असतं का" विचारलं, असं पहिल्यांदाच झालं. म्हणून मी इतकी मागे लागलेय. पुस्तक उघडून पाचव्या मिनिटाला तो म्हणाला, "आई, हा वेगळाच कुणीतरी आहे," आणि कूस बदलून झोपला.

आणखी एक अडचण. सांगताना मध्येच कुणाचं बोलणं आधी आणि कुणाचं नंतर हेच मला कळेना. वाक्यं एकमेकांत अडकत होती.

काळीशाई (बुधवार, रात्री १०.०४)

दहा वर्षांचा आहे? मग 'इयर वन' मी मागे घेतो. त्यात वेश्यावस्तीचा प्रसंग आहे, रक्तपात आहे. वय आधी कळलं असतं तर सुचवलंच नसतं.

गोदाकाठ (बुधवार, रात्री १०.३०)

मग माझं उत्तर बदलतं. बेंडिसचा पहिला खंड मोठ्या मुलाला छान, पण तिथे ली-डिटकोची ११ पानं ७ अंकांत ताणलेली आहेत. बोलणं भरपूर, पहिल्या अंकात तर पोशाखसुद्धा नाही. रोज रात्री तुम्ही भाषांतर करणार म्हटल्यावर मुलगा 'स्पायडरमॅन कधी येणार' म्हणून कंटाळेल.

'स्पायडी' नावाची मालिका शोधा. लेखक रॉबी थॉम्पसन, सुरुवातीची चित्रं निक ब्रॅडशॉ, २०१५ च्या शेवटी सुरू झाली, एकूण १२ अंक. पीटर शाळेत आहे, बेनकाकाचं झटकन सांगून टाकतात आणि बहुतेक अंकांत एकेक खलनायक, एकेक गोष्ट. एका रात्री एक अंक संपतो. दहा वर्षांच्या मुलाला 'संपलं' म्हणता येणं फार महत्त्वाचं असतं.

आता बोलण्याच्या फुग्यांचं. चौकटीत जो फुगा सगळ्यात वर तो आधी. दोन फुगे एकाच उंचीवर असले तर डावीकडचा आधी. आणि समोरासमोरची दोन पानं उघडली की आधी वरची ओळ बघा: चौकट मधल्या घडीवरून पलीकडच्या पानावर जातेय का? जात असेल तर दोन्ही पानं मिळून एकच समजायची आणि आडवं वाचायचं. तुम्ही डावं पान खालपर्यंत वाचून मग उजवीकडे गेला असाल, म्हणून उत्तर आधी आणि प्रश्न नंतर आला.

सह्यवारा (गुरुवार, सकाळी ८.१५)

'स्पायडी'ला माझी हरकत नाही. पण 'माईटी मार्व्हल मास्टरवर्क्स' मालिकेतला स्पायडरमॅनचा पहिला खंडही बघा. आकार लहान, मुलाच्या हातात मावतो. त्यात 'अमेझिंग फँटसी' १५ आणि 'अमेझिंग'चे पहिले १० अंक आहेत. डिटकोने काढलेले हात बघा, नुसत्या बोटांच्या वळणावरून पीटर घाबरलाय की चिडलाय ते समजतं. भाषांतराची गरज पडत नाही.

काळीशाई (गुरुवार, सकाळी ८.४०)

पण स्टॅन लीचा मजकूर? चौकटीत दिसतंय तेच वर लिहिलेलं असतं. आईने ते सगळं मराठीत सांगायचं म्हणजे घसा बसेल.

सह्यवारा (गुरुवार, सकाळी ८.५२)

वरच्या पट्ट्या गाळा. मी माझ्या पुतणीला गाळूनच सांगितल्या, तिचं काही अडलं नाही.

वडाची_पारंबी (गुरुवार, दुपारी १२.२०)

मराठी माध्यमाच्या मुलाला देवनागरीतलंच काही का देत नाही? राज कॉमिक्सचा सुपर कमांडो ध्रुव, अनुपम सिन्हांचा, १९८७ पासून. हिंदी आहे, पण लिपी आपली, मूल स्वतः अक्षरं लावून वाचतं. सर्कशीत वाढलेला मुलगा, अंगात कुठलीच अमानवी ताकद नाही, पशुपक्ष्यांशी बोलतो, बाकी सगळं डोकं चालवून. माझा मुलगा ध्रुववर हिंदी शिकला, शाळेत नाही.

उंबरठा (गुरुवार, रात्री ११.१०)

पारंबी, ध्रुव लिहून ठेवला, सुट्टीत नक्की. स्वतः वाचणं हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

आज दुकानात विचारलं. 'स्पायडी' नाही, मागवावं लागेल, दहा दिवस. बेंडिस आहे, पण सहावा खंड. मास्टरवर्क्सची एक प्रत आहे, ती शनिवारी दाढीवाल्याच्या बदल्यात घेते. बाकी सगळ्यांचे आभार.

उंबरठा (शनिवार, संध्याकाळी ७.४५)

बदली केली नाही. सकाळी पिशवीत भरायला गेले तर पुस्तक कपाटात नव्हतं, त्याच्या उशीखाली होतं. दोन दिवस तो माझ्याशिवाय चित्रं बघत होता. एका पानाचा कोपरा दुमडलेला, म्हणजे दुकानदाराने तसंही घेतलं नसतं. मी ओरडले. तो म्हणाला, "बेनकाकाचं काय होतं ते मला बघायचंय. यात तरी मरत नाही ना?"

मास्टरवर्क्स पैसे देऊन वेगळं आणलं. आज दुपारी ते वाचताना मी आधी दोन्ही पानांवर नजर फिरवली, मग आडवं सांगत गेले. वाक्यं जुळली. सहा पानं झाली.

रानजाई, तो मरतो का ते मला सांगू नका. एवढंच सांगा, दुसरा खंड निघालाय का आणि दुकानात काय नाव सांगू?

रानजाई (शनिवार, रात्री ८.०२)

निघालाय. 'द पेपर', अंक ७ ते १२. लेखक हिकमन म्हणून सांगा, साल २०२४ ची मालिका. बाकी एक अक्षर बोलत नाही.